विश्लेषण : पिस्तुलाची मूठ हस्तिदंती की प्लास्टिकची? हौसेच्या मुठीला दोन कायदे कसे लागू होतात?

चौसाळा हे बीड शहराच्या दक्षिणेला, धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरचे बाजारपेठेचे गाव. या भागातल्या शेतकऱ्याला मूठ कशी असावी हे कोणी सांगायला लागत नाही. विळा असो वा कुऱ्हाड, लाकूड चिवट हवे, घामाने निसटायला नको आणि हाताला फोड यायला नको, एवढीच अपेक्षा. पिस्तुलाच्या मुठीचे मात्र तसे नाही. तिथे पकडीइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व दिसण्याला दिले जाते. हस्तिदंत, सांबरशिंग, मोतीशिंपला यांच्या मुठी आणि त्यांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्लास्टिकच्या मुठी यांना जगभर गिऱ्हाईक आहे. बीड जिल्ह्यात शस्त्र परवान्यांची झाडाझडती झाल्यानंतर कमरेचे शस्त्र मिरवण्याचा विषय चव्हाट्यावर आला आहे. या मुठी बनतात कशाच्या, अस्सल आणि नकलीत फरक काय आणि त्यांचा कायद्याशी संबंध कुठे येतो, याचा हा आढावा.

बीडमध्ये परवान्यांचा प्रश्न का गाजला?

केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातील गुन्हेगारीबरोबरच शस्त्र परवान्यांचाही मुद्दा पुढे आला. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याकडे सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी लक्ष वेधले. पिस्तुलासह काढलेली छायाचित्रे आणि हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरू लागल्या. पोलिसांनी परवानाधारकांची पार्श्वभूमी तपासली आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. परवाना मागताना बहुतेक अर्जांत जिवाला धोका असल्याचे कारण असते. शस्त्र हाती आल्यावर मात्र ते लग्नात, वाढदिवसाला आणि रीलमध्ये दिसते. ही विसंगती त्या काळात सर्वांसमोर आली. सजवलेल्या मुठीचा विषय याच विसंगतीशी जोडलेला आहे, कारण पिस्तुलाचा जो भाग मालक आपल्या आवडीने निवडू शकतो, तो मुख्यतः मूठच असतो.

मूठ म्हणजे नेमका कोणता भाग?

रायफलीच्या मागच्या लाकडी भागाला दस्ता म्हणतात. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर एका हातात धरायची शस्त्रे असल्याने त्यांना दस्ता नसतो, मूठ असते. जुन्या पद्धतीच्या शस्त्रात मुठीचा सांगाडा पोलादाचा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना स्क्रूने दोन पट्ट्या बसवलेल्या असतात. पिस्तुलात या दोन पट्ट्यांच्या मधल्या पोकळीत काडतुसांचे मॅगझिन सरकवले जाते. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या चक्रीत असल्याने मुठीच्या आकाराला अधिक मोकळीक मिळते. गोळी सुटण्याच्या यंत्रणेशी या पट्ट्यांचा थेट संबंध नसतो. म्हणूनच त्या बदलता येतात आणि त्यांच्यावर कलाकुसर करता येते.

ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८० च्या दशकात स्वीकारलेल्या ग्लॉक पिस्तुलापासून हे चित्र बदलले. त्यात मुठीसह सगळा सांगाडाच पॉलिमरचा, एकसंध असतो. वेगळ्या पट्ट्याच नसल्याने सजावटीला जागा उरत नाही. भारतात सर्वसामान्य परवानाधारकाला मिळणारी ०.३२ बोअरची सरकारी कारखान्यांतील पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर मात्र अजून जुन्या घडणीची आहेत. त्यांच्या मुठी लाकडी किंवा प्लास्टिकच्या, साध्या असतात. महिलांसाठी म्हणून कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याची मूठही लाकडीच होती. ते दिले जात होते मात्र दागिन्यांच्या डबीसारख्या पेटीतून, आणि त्या पेटीचीच चर्चा अधिक झाली.

नैसर्गिक मुठी कशाच्या बनतात?

सर्वाधिक वापर लाकडाचा. त्यात अक्रोडाचे लाकूड पहिल्या पसंतीचे, कारण ते वजनाला बेताचे, चिवट असते आणि धक्का सोसते. त्याच्यावर चौकटीची बारीक नक्षी कोरली की पकडही घट्ट होते. शिसवीसारखी जड, गडद लाकडेही वापरली जातात. त्यानंतर प्राणिजन्य पदार्थ. हत्तीचा दात, सांबराचे शिंग, म्हशीचे शिंग, उंटाचे किंवा गुरांचे हाड आणि शिंपल्याचा चमकदार अंतर्भाग.

शस्त्राच्या मुठीसाठी असे पदार्थ वापरण्याची परंपरा बंदुकीपेक्षा जुनी आहे. मुघल काळातील कट्यारींच्या मुठी जेड, स्फटिक आणि हस्तिदंताच्या असत. उत्तर ध्रुवाकडच्या वालरस या प्राण्याच्या दातालाही मोठी किंमत होती आणि तो माशाचा दात म्हणून ओळखला जाई. बादशहा जहांगीरला या दाताचे किती आकर्षण होते, हे त्याच्या आत्मचरित्रातून दिसते. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच्या राजधानीतील सालारजंग संग्रहालयात जेडच्या मुठीची शस्त्रे आणि हस्तिदंती वस्तू आजही पाहता येतात. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथेही जुन्या शस्त्रांचे संग्रह आहेत.

अमेरिकेत १९ व्या शतकात कोल्ट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरना गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार हस्तिदंती किंवा मोतीशिंपल्याच्या मुठी बसवून मिळत. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सेनानी जॉर्ज पॅटन यांच्या कमरेचे हस्तिदंती मुठीचे कोल्ट रिव्हॉल्व्हर त्यांची ओळखच बनले. त्या मुठीला कोणी मोतीशिंपल्याची म्हटले तर त्यांना राग येत असे.

नकली हस्तिदंत आला कुठून?

हस्तिदंताची टंचाई हे त्याचे मूळ. १९ व्या शतकात बिलियर्डचे चेंडू, पियानोच्या पट्ट्या, कंगवे, सुऱ्यांच्या मुठी असे सारेच हस्तिदंताचे बनत होते. बिलियर्डच्या चेंडूसाठी पर्याय शोधणाऱ्याला अमेरिकेतील एका कंपनीने १८६० च्या दशकात १० हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. त्या शोधाच्या नादात जॉन वेस्ली हयात यांनी सेल्युलॉइडवर काम केले आणि त्यातून बाजारात चालणारे पहिले प्लास्टिक उभे राहिले. सेल्युलॉइडचे वेगवेगळ्या छटांचे पातळ थर एकावर एक दाबून हस्तिदंताच्या रेषांची नक्कल केली जाई. ‘फ्रेंच आयव्हरी’ या नावाने विकला जाणारा माल हाच. त्याच सुमारास गंधकावर प्रक्रिया केलेल्या कडक रबराच्या, साच्यात घडवलेल्या काळ्या मुठी आल्या. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट तयार केले आणि पुढे लष्करी पिस्तुलांच्या तपकिरी-काळ्या मुठी त्याच्याच बनू लागल्या.

आज नकली मुठींचे तीन प्रकार ढोबळमानाने दिसतात. पहिला रेझिन किंवा अ‍ॅक्रिलिक ओतून केलेला, त्यात चमकी मिसळून मोतीशिंपल्याचा आभास आणला जातो. दुसरा कापड किंवा कागदाचे थर रेझिनमध्ये भिजवून दाबलेला, दिसायला लाकूड किंवा जुन्या हाडासारखा. तिसरा म्हणजे खरे लाकूड, पण त्याच्या छिद्रांत दाबाखाली रेझिन भरून टिकाऊ केलेले. या तिन्ही प्रकारांत वन्यप्राण्याचा अंशही नसतो.

टिकायला कोणती मूठ बरी?

हौसेचा भाग सोडला तर नैसर्गिक पदार्थ मराठवाड्याच्या हवेला फारसे मानवत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी होते आणि पावसाळ्यात पुन्हा दमट. हस्तिदंत अशा चढउतारांत आकसतो, त्याला उभ्या चिरा जातात आणि पट्टी पोलादी सांगाड्यापासून सुटू लागते. म्हशीचे शिंग तापवले की मऊ होते, म्हणून कारागिराला त्याला आकार देता येतो. त्याच गुणामुळे ते उन्हात तापलेल्या गाडीत ठेवल्यास वाकडे होऊ शकते. शिवाय शिंगाला कीड लागते. शिंपला सुंदर पण ठिसूळ असतो. हातातून शस्त्र पडले की त्याचा टवका उडतो. शिंपला किंवा हाड घासताना उडणारी भुकटी कारागिराच्या फुप्फुसांना घातक असते, ही बाब गिऱ्हाइकाच्या लक्षातही येत नाही.

नकलीतही सारे निर्धोक नाही. जुने सेल्युलॉइड चटकन पेट घेते. वर्षानुवर्षे पेटीत बंद राहिले तर ते कुजू लागते, त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारच्या पोलादाला गंज चढतो. आधुनिक रेझिन आणि नायलॉनच्या मुठींना हा त्रास नाही. मात्र अतिगुळगुळीत चकचकीत मूठ घामेजल्या हातात निसटते. नेमबाजीच्या स्पर्धेतले खेळाडू चमकदार मूठ घेत नाहीत. ते लाकूड आपल्या तळहाताच्या मापाने कोरून घेतात आणि त्याचा पृष्ठभाग खरखरीत ठेवतात, तो यासाठीच.

अस्सल-नकली कसे ओळखतात?

हत्तीच्या दाताचा आडवा छेद पाहिला तर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. तिला श्रेगर रेषा म्हणतात. या रेषांतला कोन मोजून आजचा हत्ती आणि हिमयुगात नामशेष झालेला मॅमथ यांच्या दातांतला फरकही सांगता येतो. हाडात अशी जाळी नसते. त्यात रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नळ्यांचे काळपट ठिपके किंवा आखूड रेघा दिसतात. सांबरशिंगाचा बाहेरचा भाग खडबडीत, खाचांचा आणि आतला गाभा सच्छिद्र असतो. प्लास्टिकमध्ये रेषा असल्या तरी त्या अतिशय समांतर आणि एकसारख्या असतात. अतिनील प्रकाशातही प्लास्टिक आणि हस्तिदंत वेगवेगळे दिसतात.

तापलेली सुई टोचून पाहण्याचा घरगुती प्रकार मात्र टाळलेला बरा. त्याने वस्तू खराब होते आणि सेल्युलॉइड असेल तर ते पेटू शकते. प्रकरण न्यायालयात गेले तर अशा चाचणीला किंमत नसते. तेव्हा नमुने डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे किंवा हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या प्रयोगशाळेकडे पाठवले जातात. तिथे रचना आणि डीएनए तपासून प्राण्याची जात निश्चित केली जाते.

वन्यजीव कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिंग, हाड, दात, सुळे, नखे, शिंपले यांचा समावेश ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत आहे. संरक्षित प्राण्याच्या अशा अवयवापासून बनवलेली मूठ ही कायद्याच्या भाषेत प्राणिजन्य वस्तू ठरते. आशियाई हत्ती कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आफ्रिकेतून आणलेल्या हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापारही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाला. त्यामुळे आज भारतात हस्तिदंती मूठ विकणे वा विकत घेणे बेकायदा आहे, मग तो दात भारतीय हत्तीचा असो वा आफ्रिकी. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे.

सर्वाधिक गैरसमज सांबरशिंगाबाबत आहे. सांबर, चितळ दरवर्षी शिंगे टाकतात. गळून पडलेले शिंग उचलले तर गुन्हा कसला, असा प्रश्न विचारला जातो. कायदा मात्र शिकार करून मिळवलेले आणि गळलेले असा भेद करत नाही. बीड जिल्ह्यातच पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे. मोराच्या पिसाऱ्यातील पिसे आणि त्यांपासून केलेल्या वस्तूंना कायद्याने काही तरतुदींतून स्वतंत्र सूट दिली आहे. तशी सूट गळलेल्या शिंगाला नाही. अशी वस्तू हाती आल्यास ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. आजीच्या सहाणेवर उगाळायला ठेवलेला सांबरशिंगाचा तुकडाही या व्याख्येबाहेर जात नाही.

पाळीव म्हशीच्या शिंगाला किंवा उंटाच्या हाडाला हा कायदा लागू नाही. उत्तर प्रदेशातील संभल येथे शिंग आणि हाडाच्या वस्तूंचा मोठा व्यवसाय चालतो, तो याच कच्च्या मालावर. पण गव्याचे किंवा रानम्हशीचे शिंग असेल तर पुन्हा वन्यजीव कायदा येतो. घासून पॉलिश केलेल्या तुकड्यावरून कोणते शिंग कोणाचे, हे साध्या डोळ्यांना कळणे अवघड आहे.

वारशाने आलेल्या शस्त्राचे काय?

खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्रे आयात करण्यावर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून निर्बंध आहेत. त्यामुळे वेब्ली, कोल्ट अशी जुनी विदेशी शस्त्रे घरोघरी वारशानेच पुढे जातात, आणि अस्सल प्राणिजन्य मूठ असण्याची शक्यता अशाच शस्त्रांत अधिक. इथे वारसाला दोन वेगळ्या दारांत जावे लागते.

पहिले दार जिल्हाधिकारी कार्यालयाचे. शस्त्र वडिलांचे असले तरी परवाना वारसाने मिळत नाही, तो स्वतःच्या नावाने काढावा लागतो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसासाठी स्वतंत्र तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर अथवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर त्याच्या हयातीतही, वारस अर्ज करू शकतो. परवाना मिळेपर्यंत शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवावे लागते. दुसरे दार वन विभागाचे. संरक्षित प्राण्याच्या अवयवाची वस्तू वारशाने आली, तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे त्याची घोषणा करावी लागते. हे कार्यालय महाराष्ट्रात नागपूरला आहे. ज्यांच्याकडे अशा जुन्या वस्तू होत्या त्यांना त्या जाहीर करण्यासाठी २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली गेली होती. ती कधीच संपली.

कागदपत्रांत त्रुटी राहिली तर काय होते, हे केरळमधील एका गाजलेल्या प्रकरणात दिसले. अभिनेते मोहनलाल यांच्या घरी २०११ मध्ये आयकर विभागाला हस्तिदंत सापडले. पुढे सरकारने त्यांना मालकी प्रमाणपत्रे दिली. मात्र ती देताना कायद्याची रीत पाळली गेली नसल्याच्या कारणावरून केरळ उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ती रद्दबातल ठरवली.

नकली मूठ असेल तर सारे आलबेल?

वन्यजीव कायद्यापुरते होय. शस्त्र कायद्यापुरते नाही. शस्त्र नियम, २०१६ नुसार परवानाधारकाने पिस्तूल सार्वजनिक ठिकाणी होल्स्टरमध्ये नीट ठेवूनच बाळगायचे असते. ते बाहेर काढून मिरवणे आणि आनंदाच्या भरात गोळीबार करणे यांवर परवाना रद्द होऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने हर्षगोळीबार हा स्वतंत्र गुन्हा ठरला असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली.

सजवलेल्या मुठीची अडचण इथे आहे. ती दिसावी म्हणून घेतली जाते. परवाना मात्र शस्त्र दिसू नये, गरज पडली तरच बाहेर यावे, या अटीवर मिळतो. चमकती मूठ कमरेबाहेर ठेवून काढलेले छायाचित्र हौशी मालकाला प्रतिष्ठेचे वाटते, पण पोलिसांच्या हातात तोच पुरावा असतो. पिस्तुलाच्या आकाराचे लायटर आणि खेळण्यातली पिस्तुले घेऊन रील करणाऱ्या मुलांनाही यातून मोकळीक नाही. नकली शस्त्र दाखवून कोणाला धमकावले तर तो धमकावण्याचा गुन्हाच ठरतो आणि नकली शस्त्राचे रूपांतर खऱ्यात करायलाही शस्त्र कायद्याने परवाना लागतो.

मूठ बदलायची असेल तर?

शस्त्र दुरुस्तीचे काम परवानाधारक कारागिरानेच करायचे असते. गावातल्या सुताराकडे किंवा लेथवाल्याकडे पिस्तूल ठेवून येणे म्हणजे त्याच्या ताब्यात विनापरवाना शस्त्र देणे होय. त्यात मालकाबरोबर तो कारागीरही अडचणीत येतो. काही शस्त्रांवरच्या खुणा पट्ट्यांखाली असतात. त्या घासल्या किंवा बुजल्या जाणार नाहीत, हे पाहावे लागते, कारण शस्त्राचा क्रमांक पुसणे हा गंभीर गुन्हा आहे.

विकत घेताना मूठ कशाची आहे, हे पावतीवर लिहून घेणे हा साधा उपाय आहे. ‘हस्तिदंती’ असे तोंडी सांगून रेझिनची मूठ विकली गेली तर ती फसवणूक होते. पण खरोखर हस्तिदंताची निघाली तर घेणारा आणि विकणारा दोघेही वन्यजीव कायद्याखाली येतात. या व्यवहारात फसवले गेलेले गिऱ्हाईक तुलनेने सुदैवी ठरते. ज्याला धोक्याच्या कारणासाठी परवाना मिळाला आहे, त्याच्या कामाला कारखान्यातून आलेली साधी लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ पुरते. ती हातात नीट बसते आणि तिच्यासाठी वन विभागात कोणताही कागद द्यावा लागत नाही.